काँक्रीटमधल्या केमिकलचा भाव नेमका कुठे ठरतो?

काँक्रीटसाठी घाऊक केमिकल घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर दोन कोटेशनं आहेत. दोन्हींवर नाव एकच, सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे काँक्रीटमधलं पाणी कमी करणारं केमिकल. दोन्ही मालांची प्रमाणपत्रं व्यवस्थित, दोन्ही एकाच मानकात बसणारे, आणि भावात मात्र जवळजवळ दुपटीचा फरक. सहा महिन्यांनी त्यातलाच एक पुरवठादार कळवतो, 'कच्चा माल वाढलाय, दर सुधारून घ्या.' कुठला कच्चा माल, तो का वाढला, किती वाढला, हे विचारायला गेलं की समोरून रसायनशास्त्राचे शब्द येतात आणि खरेदीवाला गप्प बसतो.

गप्प बसायचं कारण नाही, गोष्ट समजण्यासारखी आहे. हा भाव काँक्रीटच्या बाजारात फारसा ठरतच नाही. तो पोलाद, कागद, पेट्रोकेमिकल, वीज अशा परक्या धंद्यांत ठरतो. त्या भावाचा तुमच्या एका घनमीटरवर किती भार पडतो, ते मात्र तुमची वाळू आणि तुमचं सिमेंट ठरवतात. या दोन टोकांमधली वाट एकदा चालून पाहू.

आधी हे पाहू, की ते करतं काय

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांच्याखेरीज काँक्रीट कालवताना जे काही घातलं जातं, त्याला ॲडमिक्श्चर म्हणतात. साइटवर त्यालाच सरळ 'केमिकल' म्हणतात. यात दोन घराणी आहेत. पहिलं रासायनिक. ते १०० किलो सिमेंटला काहीशे ग्रॅमपासून दोनेक किलोपर्यंत लागतं. दुसरं खनिज, म्हणजे फ्लाय ॲश, स्लॅग, मायक्रोसिलिका. ही पावडर सिमेंटचा काही भाग बाजूला सारून त्याची जागा घेते, त्यामुळे ती टनांनी लागते.

रासायनिक घराण्यातला सगळ्यात खपाचा माल म्हणजे पाणी कमी करणारा. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. पण तेवढ्याच पाण्यात कालवलं तर माल इतका कोरडा होतो की तो पंपातून जाणार नाही आणि सळ्यांमध्ये बसणार नाही. मग जास्तीचं पाणी घालावं लागतं. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवतं. काँक्रीट कमजोर होतं ते तिथे.

रंगाची कोरडी पूड पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात पाणी अडकून राहतं. सिमेंटचे कणही तसेच एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात. केमिकलचा रेणू कणाला चिकटतो, कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो आणि अडकलेलं पाणी मोकळं करतो. आहे त्याच पाण्यात माल वाहता होतो. साधा प्लास्टिसायझर पाण्याची पाच ते दहा टक्के बचत करतो, नॅफ्थलिनवर आधारलेला सुपरप्लास्टिसायझर त्याच्या दुप्पट-अडीचपट, आणि आजचा पीसीई तीस टक्क्यांच्या पुढेही जातो. पीसीई म्हणजे पॉलिकार्बोक्सिलेट ईथर. या लेखात हा शब्द वारंवार येईल, तेवढा लक्षात ठेवा.

दुसऱ्याच्या भट्टीतून आलेला माल

कापसाच्या जिनिंगमध्ये रुई वेगळी होते आणि सरकी उरते. सरकीला चांगला भाव आला म्हणून कुणी जास्त कापूस पिंजत नाही. रुईला मागणी असेल तरच जिन चालते, आणि जिन चालली तरच सरकी मिळते. काँक्रीटच्या केमिकलांचं गणित बहुतांशी या सरकीसारखं आहे.

साधा प्लास्टिसायझर घ्या. त्याचा मूळ पदार्थ लिग्नोसल्फोनेट. लाकडाचा लगदा करून कागद बनवण्याच्या सल्फाइट पद्धतीत जो काळपट द्रव उरतो, त्यातून हा मिळतो. कागद उद्योगाने ही पद्धत बऱ्याच अंशी सोडली आणि दुसरी पद्धत धरली. काँक्रीटवाल्यांची मागणी कितीही असो, सल्फाइटच्या गिरण्या घटल्या की हा माल मर्यादित होतो.

नॅफ्थलिनवाला सुपरप्लास्टिसायझर १९६० च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. नॅफ्थलिन म्हणजे डांबरगोळीतला तोच उग्र वासाचा पदार्थ. पोलाद गाळण्यासाठी कोक लागतो. दगडी कोळसा भट्टीत हवेशिवाय तापवून कोक करताना कोलटार निघतं, आणि कोलटारमधून नॅफ्थलिन. म्हणजे पोलाद कारखान्यांनी कोक भट्ट्या मंदावल्या, की महिन्या-दोन महिन्यांत काँक्रीटच्या केमिकलवाल्याला त्याची झळ लागते. नॅफ्थलिनवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करतात, फॉर्माल्डिहाइडने रेणूंची साखळी बांधतात आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्लता मारतात. फॉर्माल्डिहाइड येतं मेथॅनॉलमधून, मेथॅनॉल नैसर्गिक वायूतून किंवा कोळशातून.

कॉस्टिक सोड्याची कथा तर आणखी बोलकी आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक एकाच वेळी निघतात, एक टन क्लोरीनमागे सुमारे १.१ टन कॉस्टिक. क्लोरीन साठवायला धोकादायक, त्याला गिऱ्हाईक नसेल तर कारखाना मंद करावा लागतो. क्लोरीनचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पीव्हीसी, म्हणजे पाइप आणि खिडक्यांचं प्लास्टिक, बनवणारे. त्यांची मागणी पडली की क्लोरीन कमी बनतं, सोबत कॉस्टिकही कमी बनतं, आणि ज्यांना फक्त कॉस्टिक हवं होतं त्यांना ते महाग पडतं. म्हणजे बांधकामाच्या एका टोकाला मंदी आल्यामुळे दुसऱ्या टोकाला माल महागू शकतो. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण हिशोब सरळ आहे.

पीसीई: बनवणं सोपं, माल अवघड

पीसीईचा रेणू कंगव्यासारखा असतो. कंगव्याचा कणा सिमेंटच्या कणाला चिकटतो आणि दाते पाण्यात पसरून शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. दात्यांची लांबी आणि दाटी बदलली की गुणही बदलतात. कुठला रेणू पाणी जास्त वाचवतो, कुठला दोन तास स्लम्प टिकवून धरतो, कुठला प्रीकास्टमध्ये, म्हणजे कारखान्यात आधीच ओतलेल्या भागांत, लवकर ताकद येऊ देतो. स्लम्प म्हणजे ताज्या काँक्रीटचा ढिलेपणा मोजायचं माप.

या रेणूच्या वजनाचा बहुतेक भाग दात्यांचा असतो, आणि दाते बनतात इथिलीन ऑक्साइडपासून. खर्चाचं मूळ इथे आहे. इथिलीन ऑक्साइड साधारण ११ अंश सेल्सिअसला उकळतं, पेट घेतं आणि विषारी आहे. असा पदार्थ टँकरमध्ये भरून लांबवर फिरवणं कुणालाच नको असतं. म्हणून तो जिथे बनतो तिथेच किंवा पाइपलाइनच्या अंतरावर त्याचे मेणचट तुकडे बनवले जातात, आणि ते पोत्यांत भरून जगभर जातात. काँक्रीट केमिकलचा कारखाना हे तुकडे पाण्यात विरघळवतो, ॲक्रिलिक आम्लासोबत जोडतो, बस. यासाठी फार तापमान लागत नाही, फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. त्यामुळे पीसीईच्या भावात कारखान्याच्या मेहनतीपेक्षा कच्च्या मालाचा वाटा कितीतरी मोठा असतो.

कच्च्या मालाचं मूळ इथिलीन, इथिलीनचं मूळ खनिज तेलातला नाफ्था किंवा वायूतला इथेन. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला कडाक्याच्या थंडीने गाठलं, वीज गेली, पाइप गोठले आणि तिथली पेट्रोकेमिकल संकुलं बंद पडली. काँक्रीटशी या थंडीचा काहीच संबंध नव्हता. तरी इथिलीन आणि त्यापुढची अख्खी साखळी त्यात ओढली गेली.

अशीच गोष्ट लिथियमची. काही खडीतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी भिडते आणि काँक्रीट आतून फुगून तडकतं. त्यावर लिथियम नायट्रेट चालतं. पण २०२१-२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनी लिथियमचा भाव आभाळाला नेला. बॅटरीवाल्याच्या रांगेत काँक्रीटवाला फार मागे उभा असतो.

ड्रममध्ये पाणी किती?

घाऊक खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते असं माझं मत आहे. द्रव केमिकल म्हणजे पाण्यात विरघळलेला कामाचा पदार्थ. या कामाच्या भागाला सॉलिड कंटेंट म्हणतात. समजा एका द्रवात तो २० टक्के आहे आणि किलोला भाव १०० एकक. दुसऱ्यात ४० टक्के आणि भाव १७० एकक. पहिला स्वस्त दिसतो. पण कामाच्या एका किलोला पहिल्यात ५०० एकक पडतात, दुसऱ्यात ४२५. वर पहिल्याची वाहतूक करताना १०० किलोमागे ८० किलो पाणी फिरवलं, ते वेगळंच. पाणी तर प्लांटवर नळाला येतंच.

तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पसरट काचेच्या बशीत दहा ग्रॅम द्रव तोलून घ्यायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोलायचा. बशीच्या तळाशी तपकिरी, काचेसारखा चकाकणारा पापुद्रा उरतो. तो चार ग्रॅम भरला तर माल चाळीस टक्क्यांचा. दोन ग्रॅमच भरला, तर कोटेशन पुन्हा उघडायची वेळ झाली.

इथे एक पोटशंका आहे. उरलेलं सगळं कामाचंच असतं का? नेहमी नाही. नॅफ्थलिनवाल्या मालात आम्लता मारताना सोडियम सल्फेट हे मीठ तयार होतं. ते काढून टाकलेला माल आणि तसाच ठेवलेला माल, दोन्हींचा पापुद्रा सारख्याच वजनाचा भरू शकतो, पण मीठवाल्यात कामाचा रेणू कमी असतो. थंडीत हे मीठ टाकीच्या तळाशी खड्यांसारखं बसतं आणि केमिकल मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाची जाळी तुंबते. मीठ काढायचा खर्च असतो, म्हणून स्वच्छ माल महाग. पुरवठादाराला सल्फेटची टक्केवारी विचारली की बऱ्याच गोष्टी बोलण्यात येतात.

मग पावडरच का घेऊ नये? कारण पाणी उडवायलाही इंधन लागतं. ४० टक्क्यांच्या द्रवातून एक किलो पावडर काढायची तर दीड किलो पाण्याची वाफ करावी लागते. गोणीत भरलेल्या कोरड्या मॉर्टरला पावडरीशिवाय गत्यंतर नाही. रोज शेकडो घनमीटर काँक्रीट कालवून काढणाऱ्या बॅचिंग प्लांटला मात्र बहुधा जवळच्या कारखान्याचा दाट द्रवच परवडतो.

वाहतूक: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

२०० लिटरचा ड्रम, पिंजऱ्यातली १००० लिटरची टाकी, आणि थेट टँकर, या क्रमाने किलोमागचा पॅकिंगचा खर्च उतरत जातो. ड्रममध्ये आणखी एक गळती असते, तळाला राहिलेला गाळ. ढवळल्याशिवाय पंप लावला तर वरचा पातळ माल आधी जातो आणि खालचा दाट माल ड्रमसोबत भंगारात.

खनिज पावडरींत वाहतुकीचा वाटा आणखी जड. मायक्रोसिलिका घ्या. सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉनच्या भट्टीच्या धुरातून पकडलेली ही पूड सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट बारीक असते. मुळात ती इतकी फुगीर, की एका घनमीटरमध्ये जेमतेम दोन-तीनशे किलो मावते. सिमेंट त्याच जागेत चौदाशे किलोच्या आसपास मावतं. ट्रक भरतो पण वजन भरत नाही, आणि भाडं अख्ख्या ट्रकचं. म्हणून ती दाबून, गोळे करून दुप्पट घट्ट करतात. त्याचा खर्च लागतो, आणि मिक्सरमध्ये ते गोळे नीट फुटावेत म्हणून ढवळायचा वेळही वाढतो.

'राखेला कसले पैसे?'

हा प्रश्न हमखास येतो. फ्लाय ॲश म्हणजे कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राची राख, स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी. टाकाऊ मालाला भाव कसा?

टाकाऊ होता तोवर नव्हता. आता राख वेचावी लागते. तिच्यात न जळलेला कोळसा जास्त असेल तर तो हवेचे बुडबुडे धरणारं केमिकल शोषून घेतो. अशी राख फुकट मिळाली तरी केमिकलचा डोस वाढवते. स्लॅग पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थंड करावा लागतो, मग वाळवून सिमेंटइतका बारीक दळावा लागतो. त्याचा भाव म्हणजे मुख्यतः विजेचा भाव.

आणि झरेच आटताहेत. ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅल्बोटची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड गाळायची भट्टीही विझली. हवेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण काँक्रीटवाल्याच्या दृष्टीने एकाच तारखेला राखेचा एक झरा आणि स्लॅगचा एक झरा बंद झाला. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीतून निघणारा स्लॅग वेगळ्या जातीचा, तो सिमेंटच्या जागी तसाच चालत नाही. जगात जिथे जिथे वीज आणि पोलाद कोळशापासून सुटतील, तिथे तिथे हा प्रश्न येणार.

तुमची वाळू तुमचा भाव ठरवते

आतापर्यंतचा सगळा खर्च तुमच्या हाताबाहेरचा होता. आता हातातला. किलोचा भाव बाजूला ठेवा आणि घनमीटरचा काढा. एका घनमीटरमध्ये ४०० किलो सिमेंट धरू. पहिल्या केमिकलचा डोस सिमेंटच्या १ टक्का, म्हणजे ४ किलो, भाव १०० एकक, खर्च ४००. दुसऱ्याचा भाव १५०, पण डोस ०.६ टक्के, म्हणजे २.४ किलो, खर्च ३६०. किलोला दीडपट महाग असलेला माल घनमीटरला स्वस्त पडला.

पण हा हिशोब स्वच्छ वाळूचा. वाळूत किंवा क्रश सँडच्या, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूच्या, भुकटीत फुगणारी चिकणमाती असेल तर चित्र पालटतं. त्या मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात, आणि पीसीईच्या कंगव्याचे दाते त्या पानांमध्ये शिरून बसतात. सिमेंटपर्यंत रेणू पोचतच नाही. ०.६ टक्क्यांचा डोस १ टक्क्यावर गेला की तोच माल ६०० एककांना पडतो, आणि स्वस्तात घेतलेल्या वाळूचा सगळा फायदा केमिकलच्या टाकीत बुडतो.

याची चाचणी डोळ्यांना दिसते. वाळूची भुकटी पाण्यात ढवळायची, त्यात मेथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग थोडा थोडा सोडायचा आणि काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टाकायचा. मधोमध निळा ठिपका, भोवती ओलसर रंगहीन कडं. माती भुकेली आहे तोवर ती सगळा रंग गिळते आणि कडं स्वच्छ राहतं. तिचं पोट भरलं की ठिपक्याभोवती फिकट निळं वलय उमटतं. वलय यायला जितका जास्त रंग लागला, तितकी ती वाळू केमिकलही पिणार. खरेदीवाल्याने एकदा तरी हा कागद हातात घेऊन पाहावा.

सिमेंट बदललं तरी डोस बदलतो. ते तपासायला मार्श कोन असतो, खाली बारीक तोटी असलेला धातूचा नसराळ्यासारखा शंकू. सिमेंट, पाणी आणि केमिकलचा रस्सा त्यात भरायचा, तोटीवरचं बोट काढायचं आणि एक लिटर खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. डोस थोडा थोडा वाढवत नेला की वेळ भराभर उतरतो आणि एका ठिकाणी उतरायचा थांबतो. त्या वळणाच्या पुढे ओतलेलं केमिकल वाया जातं. वाया जातं म्हणजे नुसतं पडूनही राहत नाही. ते काँक्रीट उशिरा धरायला लावतं, खडी आणि पाणी वेगळं पाडतं.

'चार किलोचा मामला, एवढी चिकित्सा कशाला?'

काँक्रीटचं एक घनमीटर सुमारे २४०० किलोचं. त्यात केमिकल चार किलो. शंका बरोबर आहे, पण ते चार किलो बाकीच्यांना हलवतात. ०.४५ पाणी-सिमेंट गुणोत्तर धरलं तर ४०० किलो सिमेंटला १८० लिटर पाणी लागतं. केमिकलने पाणी २० टक्क्यांनी घटवलं तर १४४ लिटर लागतं, आणि तेच गुणोत्तर राखायला सिमेंट पुरतं ३२० किलो. कागदावर ८० किलो सिमेंट वाचलं. प्रत्यक्षात मानकांनी किमान सिमेंट ठरवून दिलेलं असतं, त्यामुळे सगळं वाचत नाही, पण जेवढं वाचतं त्यापुढे केमिकलचा भाव किरकोळ ठरतो.

उलट बाजूही तेवढीच खरी. स्लम्प टिकला नाही आणि काँक्रीट वाहणारा ट्रक, ट्रान्झिट मिक्सर, परत आला, तर अख्खा सहा-सात घनमीटर माल गेला. शटरिंग एक दिवस जास्त अडकून राहिलं, तर ते भाडंही याच खात्यात लिहायला हवं.

'मग महागडं घेतलं की झालं?'

नाही. एएसटीएम सी ४९४, ईएन ९३४ किंवा आयएस ९१०३ यांपैकी कुठलंही मानक किमान पात्रता सांगतं. तुमच्या सिमेंटशी त्या मालाचं जमेल की नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं. जाड, कमी ग्रेडच्या म्हणजे कमी ताकदीच्या पायाभरणीला उंच इमारतीचा पीसीई वापरणं म्हणजे पैसे ओतणं. तिथे लिग्नोसल्फोनेटचा साधा माल इमानाने काम करतो. शिवाय महाग भावात बऱ्याचदा न दिसणाऱ्या गोष्टी धरलेल्या असतात. 'फुकट' बसवून दिलेली डोसिंगची यंत्रणा आणि टाक्या, महिन्यातून दोनदा येणारा तंत्रज्ञ, नव्वद दिवसांची उधारी. यात वावगं काही नाही, तंत्रज्ञ तर मोलाचाच. फक्त त्याची किंमत वेगळी लिहून मागावी, म्हणजे दोन कोटेशनं एका पातळीवर येतात.

'तेल उतरलं तरी केमिकल का उतरत नाही?'

कारण तेलापासून ड्रमपर्यंत चार-पाच हात आहेत, आणि प्रत्येकाकडे जुन्या भावाचा साठा पडलेला असतो. चढताना प्रत्येकजण पुढच्या खरेदीच्या भीतीने लगेच वाढवतो. उतरताना आधी जुना साठा संपवतो. हा पेच सोडवायचा तर वर्षाच्या करारात भाव एखाद्या प्रसिद्ध होणाऱ्या निर्देशांकाला बांधून घ्यावा. पीसीईसाठी इथिलीनचा, नॅफ्थलिनवाल्यासाठी कोलटारचा. वर जातानाचा आणि खाली येतानाचा नियम एकच ठेवावा. पुरवठादार यावर नाखूश असेल तर त्याच्या मनातला नफा कुठे आहे, ते तिथेच कळतं.

'एकदम मोठी ऑर्डर दिली तर?'

भाव पडेल, पण मालाचं आयुष्य पाहून घ्या. बहुतेक द्रव केमिकलं सहा महिने ते वर्षभर टिकतात, तीही सावलीत आणि झाकण बंद असेल तर. काँक्रीटचं धरणं लांबवणारं सोडियम ग्लुकोनेट साखरेच्या कुळातलं, त्याला जंतू लागतात. जंतुनाशक कमी पडलं की उन्हातल्या टाकीत बुरशी धरते, आंबूस वास येतो आणि पृष्ठभागावर साय दिसते. झाकण उघडल्यावर असा वास आला, तर तो माल मिक्सरमध्ये सोडण्याआधी मार्श कोनची चाचणी पुन्हा करावी, आणि पुढची ऑर्डर तीन महिने पुरेल एवढीच द्यावी.